दूरस्थ वर्ग आणि स्थानिक शाळा

अमेरिकेतील ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ म्हणजे महसुली जिल्हा नव्हे. एखाद्या नगरातील किंवा परिसरातील सार्वजनिक शाळांचा कारभार पाहणारी ती स्थानिक संस्था होय. अशा सुमारे १३,००० संस्था त्या देशात असून त्यांपैकी पुष्कळशा अगदी लहान आहेत. त्यांच्यापुढील अडचण उघड आहे. लॅटिन किंवा चिनी भाषा शिकू इच्छिणारे विद्यार्थी तीनच असतील, तर त्यांच्यासाठी स्वतंत्र शिक्षक नेमणे परवडत नाही. आणि विषयच उपलब्ध नसल्यामुळे त्या तिघांची पुढील अभ्यासाची वाट तेथेच अरुंद होते. आंतरजालाचा प्रसार होऊ लागताच या अडचणीवर दोन भिन्न उपाय योजले गेले.

पहिला उपाय विनिमयाचा. मॅसॅच्युसेट्स राज्यातील हडसन येथील शाळासंस्था आणि कॉन्कॉर्ड कन्सॉर्शियम यांनी १९९६ मध्ये केंद्र सरकारच्या अनुदानातून ‘व्हर्च्युअल हायस्कूल’ हा प्रकल्प हाती घेतला. सहभागी शाळेने आपल्या एका शिक्षकाचा एका वर्गापुरता वेळ द्यावयाचा. त्या शिक्षकाने निरनिराळ्या गावांतील विद्यार्थ्यांचा एक ऑनलाइन वर्ग चालवावयाचा. आणि त्या बदल्यात त्या शाळेच्या तितक्याच विद्यार्थ्यांना अन्य शाळांच्या ऑनलाइन वर्गांत जागा मिळावयाच्या, अशी ही योजना होती. येथे देवघेव मुख्यतः अध्यापनाची आहे, द्रव्याची नव्हे.

दुसरा उपाय राज्यव्यापी संस्थेचा. १९९७ मध्ये सुरू झालेली ‘फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूल’ ही त्याचे ठळक उदाहरण होय. स्थानिक शाळेतील विद्यार्थी आपली शाळा न सोडता तिचा एखादा अभ्यासक्रम घेऊ शकतो. शिवाय, तिचे अभ्यासक्रम घेऊन स्वतःच्या शिक्षकांकरवी ते चालवण्याची सोयही स्थानिक संस्थांना आहे. २००३ पासून तिचे अनुदान केवळ नावनोंदणीवर न देता अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण होण्याशी जोडण्यात आले. विद्यार्थी मध्येच गळाला, तर त्याची झळ संस्थेलाही लागावी, हा त्यामागील हेतू. अर्थात्, अशा नियमामुळे उत्तीर्णतेची कसोटी सैल करण्याचा मोह उत्पन्न होऊ शकतो, हेही विसरता येत नाही.

तथापि, या दोन्ही योजनांचे यश केवळ दूरच्या शिक्षकावर अवलंबून नाही. २०११ व २०१२ च्या उन्हाळ्यात शिकागोतील सार्वजनिक शाळांत, नववीत बीजगणितात अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी करण्यात आली. वर्गात बसून तो विषय पुन्हा शिकलेल्यांपैकी ७६ टक्के उत्तीर्ण झाले. ऑनलाइन शिकलेल्यांपैकी ६६ टक्के. म्हणजे जे आधीच मागे पडले होते, त्यांनाच हे माध्यम अधिक जड गेले.

याचे एक कारण भाषेत शोधता येईल. वर्गात शिक्षक विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावरील गोंधळ पाहून वाक्य बदलतो, उदाहरण बदलतो. ऑनलाइन अभ्यासक्रमात सूचना, स्पष्टीकरण आणि शंकानिरसन यांचा फार मोठा भाग लिखित असतो. औपचारिक गद्य वाचण्याची ज्याची तयारी कमी, त्याला विषय आणि त्याची भाषा अशी दोन ओझी एकदम उचलावी लागतात. आणि शंका लिहून विचारण्याइतकी शब्दांची जुळणी त्याला साधत नाही, म्हणून तो गप्प राहतो. हे मौन दूरच्या शिक्षकाला ऐकू येत नाही.

म्हणूनच ‘व्हर्च्युअल हायस्कूल’च्या योजनेत प्रत्येक शाळेत एक स्थानिक समन्वयक ठेवण्याची तरतूद होती, ती दुय्यम मानता येत नाही. ऑनलाइन विषय देऊ पाहणाऱ्या स्थानिक संस्थेने वेळापत्रकात त्यासाठी निश्चित तासिका ठेवावयास हवी, त्याचे गुण शाळेच्या प्रगतिपत्रकात इतर विषयांच्या बरोबरीने धरावयास हवेत, आणि प्रत्येक विद्यार्थ्यामागे त्याची रोज विचारपूस करणारे एक जबाबदार माणूस नेमावयास हवे. शिक्षक दूरचा चालेल. पण विद्यार्थ्याची जबाबदारी दूर सोपवता येत नाही.