महावीराचार्यांचे शून्य : उमज आणि उपपत्ती

नांदेडहून लातूरकडे जाताना वाटेत लोहा लागते. लोहा तालुक्याला लागूनच कंधार आहे. कंधारचा भुईकोट आणि जगत्तुंग तलाव या भूमीवरील राष्ट्रकूटांच्या राजवटीची आजही साक्ष देतात. राष्ट्रकूट राजे ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ असे बिरुद लावीत. हे लट्टलूर म्हणजेच आजचे लातूर, असे इतिहासकार मानतात. याच घराण्यातील अमोघवर्ष नृपतुंगाच्या काळात, इ. स. ८५०च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला. तो १९१२ मध्ये मद्रास येथून एम. रंगाचार्य यांच्या इंग्रजी अनुवादासह आणि १९६३ मध्ये सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून हिंदी अनुवादासह प्रसिद्ध झाला.

या ग्रंथात शून्यासंबंधी एक श्लोक आहे. कोणत्याही संख्येला शून्याने गुणल्यास शून्य येते. आणि शून्य मिळविले, वजा केले किंवा शून्याने भागले, तरी संख्या अविकारी राहते, असे आचार्य त्यात सांगतात. यातील भागाकाराचा नियम आज कोणतीही शाळा शिकवीत नाही. लोह्याच्या एखाद्या वर्गात विद्यार्थ्याने १२ ÷ ० = १२ असे लिहिले, तर त्याचे उत्तर चूकच ठरेल. मग एवढ्या थोर गणितज्ञाने असे का लिहिले असावे?

या नियमामागे मनाला सहज पटणारी एक उमज दिसते. ताटात बारा लाडू आहेत आणि वाटून घेणारा कोणीच आला नाही, तर लाडू बाराच उरतील. शून्याने भागणे म्हणजे न भागणेच, असे मन चटकन म्हणते. शून्य मिळविल्याने काही वाढत नाही, वजा केल्याने काही घटत नाही. मग भागल्याने तरी काय बदलणार? ही उमज सरळ आहे. अशा ठिकाणीच गणित थांबून विचारते : याला प्रमाण काय?

भागाकार हा गुणाकाराचा उलटा व्यवहार आहे. १२ ÷ ३ = ४ हे खरे, कारण ४ × ३ = १२. हीच कसोटी शून्याला लावली, तर १२ ÷ ० = १२ म्हणण्यासाठी १२ × ० = १२ व्हावयास हवे. पण शून्याने गुणल्यास शून्य येते, हे त्याच श्लोकात सांगितले आहे. बाराच्या जागी दुसरी कोणतीही संख्या उत्तर म्हणून घेतली, तरी तिला शून्याने गुणून बारा मिळणार नाहीत. म्हणून या भागाकाराला उत्तरच नाही. लाडवांच्या उदाहरणातील बारा हे ‘उरलेले’ लाडू आहेत, ‘प्रत्येकाच्या वाट्याला आलेले’ नव्हेत. उमजेने दोन निराळ्या गोष्टी एक मानल्या. उपपत्तीने त्या वेगळ्या केल्या. सुमारे तीनशे वर्षांनी, ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त अशा राशीला ‘खहर’ हे स्वतंत्र नाव दिले. आजचे गणित शून्याने भागण्याची क्रियाच अव्याख्यात मानते.

म्हणून उमज टाकाऊ ठरते काय? मुळीच नाही. त्याच ग्रंथात महावीराचार्यांनी सहा रसांचे उदाहरण दिले आहे : तुरट, कडू, आंबट, तिखट, खारट आणि गोड या रसांपासून किती मिश्रणे होतील? दोन रस निवडताना पहिल्यासाठी सहा आणि दुसऱ्यासाठी पाच पर्याय, म्हणजे तीस जोड्या होतात. पण आंबट-गोड आणि गोड-आंबट ही एकच जोडी. म्हणून खऱ्या जोड्या पंधरा. तीन रसांची मिश्रणे याच रीतीने वीस होतात. एकेरी रसांपासून साही रसांच्या मिश्रणापर्यंत बेरीज केली, तर ६ + १५ + २० + १५ + ६ + १ = ६३.

आता दुसऱ्या वाटेने पाहावे. प्रत्येक रसाबाबत दोनच शक्यता : तो घेतला किंवा वगळला. सहा रसांसाठी दोनाचा सहा वेळा गुणाकार केला की ६४ येतात. एकही रस न घेण्याचा प्रकार सोडला की ६३. पहिली वाट मोजत जाते, दुसरी एका दृष्टिक्षेपात पोहोचते. दुसरी वाट सुचणे ही उमज. ती सुटत नाही आणि दुबार मोजत नाही, हे दाखविणे ही उपपत्ती.

‘गणितसारसंग्रहा’त प्रामुख्याने नियम व उदाहरणे आहेत, त्यांची कारणे बहुधा अध्ययन करणाऱ्याने शोधावयाची. मात्र एका ठिकाणी आचार्य स्वतःच कारण देतात. ऋण संख्या ही स्वभावतःच कोणाचा वर्ग नसते, म्हणून तिला वर्गमूळ नाही, असे ते म्हणतात. ऋणाला ऋणाने गुणले तरी धनच मिळते, म्हणून वास्तव संख्यांच्या क्षेत्रात हे विधान आजही अबाधित आहे.

तत्त्वार्थसूत्रात मतिज्ञानाचे अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा असे चार टप्पे सांगितले आहेत : प्रथम ओझरते ग्रहण, मग विशेष जाणण्याची इच्छा, त्यानंतर निश्चय आणि अखेरीस तो निश्चय मनात टिकविणे. ही मांडणी गणितासाठी केलेली नाही. तरीही गणित शिकणाऱ्यास ती मार्ग दाखविते. आपल्या मुलांना अनेकदा पहिल्या टप्प्यावरून एकदम शेवटच्या टप्प्यावर नेले जाते. नियम ऐकला आणि पाठ केला. मधली ईहा राहूनच जाते.

महावीराचार्यांच्या एका नियमातील उणीव दाखविणे हा त्यांचा अविनय नव्हे. तो नियम त्यांच्याच श्लोकातील दुसऱ्या नियमावर घासून पाहणे, हे त्यांच्या ग्रंथाचे खरे अध्ययन होय. घरातील मुलाने उद्या विचारले, “शून्याने का भागायचे नाही?” तर “तसा नियमच आहे” असे सांगून त्याला गप्प करू नये. बारा लाडू त्याच्यापुढे ठेवावेत, त्याला चुकीचे उत्तरही देऊ द्यावे आणि मग ते उत्तर शून्याने गुणून पाहण्यास सांगावे.