उन्हाळ्यात टायरमध्ये हवा कमी भरावी का?

शाळेची सहल निघायची असते. पहाटे बस फाटकाशी येऊन उभी राहते. मुले खिडकीजवळच्या जागेसाठी धावतात, शिक्षक हजेरी घेतात आणि बसचा क्लीनर लोखंडी टॉमी घेऊन गाडीभोवती फेरी मारतो. प्रत्येक टायरवर टॉमी आपटायची, आवाज ऐकायचा आणि 'हवा ठीक आहे' म्हणून गाडीत चढायचे! हाच प्रसंग मे महिन्यात वऱ्हाडाच्या बसपाशी घडला, तर एखादा जाणकार सल्लाही देतो, "ऊन फार आहे, हवा थोडी कमीच ठेवा. नाहीतर तापून टायर फुटेल."

टॉमीची परीक्षा आणि हा सल्ला, दोन्ही वर्षानुवर्षे चालत आले आहेत. ते कितपत बरोबर आहेत हे आपण थोड्या गणिताने तपासून पाहू. प्रश्न चाळीस-पन्नास माणसांच्या जिवाचा आहे.

भार कोण पेलतो?

बसचे वजन टायरचे रबर पेलते असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात बहुतेक भार पेलते ती आतली दाबलेली हवा. रबर, दोरे आणि पोलादी तारा यांचे मुख्य काम त्या हवेला कोंडून ठेवण्याचे.

बसच्या किंवा ट्रकच्या टायरमध्ये 'शंभर पौंड हवा' आहे असे चालक म्हणतात. याचा अर्थ दर चौरस इंचावर १०० पौंड, म्हणजेच दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ७ किलोग्रॅम दाब. समजा, भरलेल्या बसच्या मागच्या ॲक्सलवर १० टन भार आहे. तेथे चार टायर असतात, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला २,५०० किलोग्रॅम. भागिले ७ केले की उत्तर येते सुमारे ३५७ चौरस सेंटिमीटर. अडीच टनांचा भार रस्त्यावर टेकतो तो शाळेच्या वहीच्या एका पानाएवढ्या जागेवर!

आता हवा कमी केली तर? भार तेवढाच आहे, तेव्हा टेकणारी जागा वाढली पाहिजे. त्यासाठी टायरला अधिक चपटे व्हावे लागते.

हे वर्गात करून पाहता येईल. सायकलच्या मागच्या टायरला तळाशी खडूची ओली पूड लावा आणि चाक आलेखाच्या कागदावर टेकवा. भिंतीचा आधार घेऊन एका विद्यार्थ्याला सायकलवर बसवा. मग तो उतरल्यावर चाक सरळ वर उचला आणि ठशातील चौकटी मोजा. थोडी हवा सोडून हाच प्रयोग पुन्हा करा. ठसा मोठा झालेला दिसेल.

उष्णता येते कोठून?

बांधकामाची लोखंडी तार एकाच जागी भराभर मागेपुढे वाकवून बोट लावून पाहा. तार चांगलीच तापलेली असते. टायरचेही असेच होते. चाकाचा जो भाग रस्त्याला टेकतो तो दबतो, पुढे जाताच पूर्ववत होतो. रबर दाबताना जेवढी ऊर्जा खर्च होते तेवढी सगळी ते परत देत नाही. उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने टायरमध्येच राहते.

बसच्या चाकाचा परीघ सव्वातीन मीटरच्या आसपास असतो. तासाला ८० किलोमीटर वेगाने जाताना टायरचा प्रत्येक भाग तासाभरात सुमारे २५ हजार वेळा दबतो. हवा कमी असेल तर तो दर वेळी अधिक वाकतो आणि अधिक तापतो. रबर उष्णतेचे मंदवाहक असल्याने आतली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. शेवटी रबर आणि आतले दोरे किंवा तारा यांची पकड सुटू लागते व टायर फाटतो. लांबच्या सरळ रस्त्यावर गाडी तासन्‌तास न थांबता धावते तेव्हा हा धोका वाढतो. जास्त वजन आणि जुना झिजलेला टायर यांची त्यात भर पडते.

तापल्यावर दाब वाढतोच ना?

वाढतो, पण किती? सकाळी २५ अंश सेल्सिअसला गेजने ७ किलोग्रॅम दाब दाखवला. गेज वातावरणाच्या दाबाहून जास्त असलेला दाब दाखवतो, म्हणून खरा दाब झाला ८. धावल्यावर आतली हवा ६५ अंशांपर्यंत तापली असे धरू. केल्व्हिनमध्ये ही तापमाने २९८ आणि ३३८. आकारमान जवळपास तेवढेच राहते, म्हणून दाब तापमानाच्या प्रमाणात वाढतो :

८ × ३३८ ÷ २९८ = सुमारे ९.०७

गेजवर दिसेल ८.०७, म्हणजे वाढ सुमारे १५ टक्के. ही वाढ होणार हे धरूनच टायर बनवलेला असतो. पण घाबरून चालकाने गरम टायरमधली हवा सोडली आणि काटा पुन्हा ७ वर आणला, तर रात्री टायर २५ अंशांपर्यंत थंड झाल्यावर त्यात सुमारे ६ किलोग्रॅमच दाब उरेल. दुसऱ्या दिवशी तो अधिक वाकेल, अधिक तापेल. फुटण्याच्या भीतीने केलेला उपायच फुटण्याचे कारण होऊन बसतो.

याचा अर्थ हवा वाटेल तेवढी भरावी असा नाही. हवा जास्त झाली की टेकणारी जागा घटते, टायर मधोमध झिजतो आणि खड्ड्याचा मार सहन करू शकत नाही.

आतल्या चाकाची गोष्ट

मागच्या जोडचाकांतले आतले चाक सहसा कोणी पाहत नाही. त्याची हवा गेली तर बस कलंडत नाही, चालकालाही चटकन कळत नाही. मात्र बाहेरच्या टायरवर अडीचऐवजी पाच टन भार येतो. आतला टायर चपटा होऊन शेजाऱ्याशी घासतो, ते वेगळेच.

टॉमी आपटून पार बसलेला टायर ओळखता येतो, पण १०० पौंड आणि ८० पौंड यांतला फरक कानाला कळत नाही. रेडियल टायर तर पूर्ण हवेतही तळाशी थोडा फुगीर दिसतो, म्हणून डोळ्यांचाही भरवसा नाही. गेज लावणे हाच मार्ग. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून नव्या ट्रक व बसगाड्यांनाही टायरचा दाब सतत दाखवणारी यंत्रणा सक्तीची झाली आहे.

लक्षात ठेवण्याजोगे

१. दाब गाडी निघण्यापूर्वी, टायर थंड असताना मोजावा. आतली चाके आणि स्टेपनी विसरू नये.

२. दाब किती हवा हे गाडी व टायर बनवणाऱ्यांच्या तक्त्यावरून, भारानुसार ठरवावे. ऋतू बदलला म्हणून तो आकडा बदलत नाही.

३. गरम टायरमधली हवा सोडू नये.

४. व्हॉल्व्हला टोपी असावी. धूळ गेली की हवा गळते.

५. दाब ठरलेल्यापेक्षा २० टक्के किंवा अधिक कमी असताना टायर धावला असेल, तर नुसती हवा भरू नये. आतल्या तारा तुटल्या असतील तर भरतानाच तो फुटू शकतो. असा टायर उतरवून तपासावा आणि लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, बाजूला उभे राहून भरावा. चाकाची लॉक रिंग उडाल्याने हवा भरणाऱ्याचा जीव जाऊ शकतो.

पुढच्या सहलीला हजेरी घेऊन झाली की चालकाला एवढेच विचारा, "गेज लावले का? आतल्या चाकांनाही?" सहा चाकांना गेज लावायला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. तेवढा वेळ मुलांनाही गेजचा काटा पाहू द्यावा.