नळीवरची नक्षी आणि खडकीचे काडतूस

डिसेंबर २०२०चा पहिला पंधरवडा करमाळा तालुक्याने जीव मुठीत धरून काढला. फुंदेवाडी, अंजनडोह, चिखलठाण अशा गावांत बिबट्याने माणसे मारली. ऊसतोडीच्या टोळ्या धास्तावल्या, केळीला रात्रीचे पाणी द्यायला कोणी धजेना. अखेर १८ डिसेंबरला वांगीच्या शिवारात, वनखात्याच्या परवानगीने आलेल्या अकलूजच्या डॉ. धवलसिंह मोहिते-पाटील यांच्या गोळीने तो बिबट्या पडला.

अशा दिवसांत उजनी धरणाच्या दोन्ही काठांवरच्या जुन्या घरांना हमखास आठवते ती कपाटात तेलकट फडक्यात गुंडाळून ठेवलेली पणजोबांची दुनळी. पाटीलकी गेली, वाडा धरणात गेला, नव्या गावठाणात पत्र्याची खोली आली, तरी बंदूक राहिली. एरवी ती खंडेनवमीला निघते, हळदकुंकू लावून घेते आणि परत फडक्यात जाते. तिच्या नळीवर बोट फिरवले तर कधीकधी एक नक्षी दिसते. पाण्यावरच्या तरंगांसारखे बारीक वेटोळे या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळीने गेलेले असतात. ही नळी दमास्कसची. मग घरातला तरुण विचारतो, ‘ही अजून चालेल का हो?’

या प्रश्नाला गावात दोन उत्तरे तयार असतात. एक, ‘हात लावू नकोस, फुटेल.’ दुसरे, ‘आजोबांनी आयुष्यभर बार काढले, काही झाले नाही.’ माझ्या मते दोन्ही उत्तरे आळशी आहेत.

आधी ती नक्षी कशाची ते पाहू. दमास्कसच्या तलवारींचे पोलाद आपल्या दक्षिणेत, तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांत मुशीत गाळले जाई. बंदुकीच्या नळीचा त्या पोलादाशी फारसा संबंध नाही. नळी करताना लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकावर एक रचून तापवून जोडत, त्यांची कांब करून तिला पीळ देत, अशा दोन-तीन पिळाच्या कांबी शेजारी शेजारी जोडून पट्टी करत आणि ती पट्टी गजाभोवती गुंडाळून, लाल तापवून, ठोकून सांधत. मग आतून पोखरायचे, बाहेरून घासायचे आणि शेवटी आम्लाचा हात द्यायचा. लोखंड आणि पोलाद आम्ल वेगवेगळे पितात, म्हणून नक्षी उमटते. म्हणजे ती नक्षी रंगवलेली नसते, नळीच्या सांध्यांचा तो नकाशाच असतो. अर्थात साध्या नळीवर आम्लाने किंवा छापाने खोटी नक्षी चढवण्याचा उद्योगही तेव्हा जोरात होता. उलट खऱ्या दमास्कस नळीला कोणी काळा रंग दिला असेल तर नक्षी झाकली जाते. पुढच्या लाकडाखाली, जिथे कोणी हात लावलेला नसतो, तिथे पाहिल्यावर खरे कळते.

ही कल्पना युरोपची मक्तेदारी नव्हती. अबुल फझलने ‘ऐन-ए-अकबरी’त अकबराच्या कारखान्यातली नळी सविस्तर सांगितली आहे. लोखंड चपटे करून तिरपे गुंडाळायचे, कडा कडेला न लावता एकावर एक चढवायच्या आणि मग तापवून जोडायच्या. पूर्वीच्या नळ्या पावाहून जास्त भरता येत नसत, या तोंडापर्यंत भरल्या तरी फुटत नाहीत, असा त्याचा दावा आहे. दरबारी लेखक असल्याने थोडी सूट देऊन वाचावे. पण पीळ दिलेली नळी सुरक्षिततेसाठी निघाली, शोभेसाठी नव्हे, एवढे त्यातून नक्की कळते.

एकोणिसाव्या शतकात या कामाचे मोठे केंद्र बेल्जियमचे लिएज आणि त्याच्या शेजारचे व्हेद्र नदीचे खोरे होते. तिथल्या नळ्या इंग्लंडमध्येही जात आणि तिथल्या बंदुकांवर चढत. कलकत्त्याच्या मँटन आणि रॉडासारख्या पेढ्यांनी विलायती बंदुका देशभर विकल्या. त्याच काळातल्या दुनळ्या भीमाकाठच्या वतनदारांकडे आल्या, त्या तित्तर, पखुर्डी आणि नदीवर उतरणाऱ्या बदकांसाठी. तेव्हा उजनीचे पाणी नव्हते. धरण पूर्ण झाले १९८०च्या सुमारास आणि वन्यजीव संरक्षण कायदा आला १९७२मध्ये. म्हणजे ज्या यशवंतसागरावर, उजनीच्या जलाशयावर, आज पट्टकादंब आणि रोहित पाहायला लोक भिगवणला जातात, त्या पाण्यावर परवान्याशिवाय पाखरू मारणे कायदेशीर असा एकही हिवाळा गेलेला नाही. आजोबांच्या शिकारीच्या गोष्टी बहुतेक आधीच्या नदीच्या आहेत.

आता ‘फुटेल’ या उत्तराकडे वळू. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसने, म्हणजे नळ्यांची चाचणी घेऊन ठसा मारणाऱ्या संस्थेने, १८८८पासून ३९ प्रकारच्या नळ्या मुद्दाम जास्त भार घालून फोडून पाहिल्या. निकाल १८९१मध्ये आला. पहिला क्रमांक तीन कांबींच्या इंग्लिश पिळाच्या नळीला मिळाला, व्हिटवर्थचे नावाजलेले पोलाद तिच्या मागे राहिले. बंदूक कारागीर डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांनी आपल्या ग्रंथात ही चाचणी दिली आहे. पुढे शंभर वर्षांनी अमेरिकेत शर्मन बेल यांनी जुन्या दमास्कस नळ्यांत वाढते भार टाकून पाहिले. त्या लोकसमजुतीपेक्षा कितीतरी जास्त दाबापर्यंत टिकल्या. म्हणजे प्रकार म्हणून दमास्कस नळी कचकड्याची नाही.

पण घरातली एक विशिष्ट नळी म्हणजे प्रकार नव्हे. लिएजच्या नामवंत कारागिराची नळी आणि स्वस्तात विकायला केलेली नळी यांत जमीन-अस्मानाचे अंतर असे. शिवाय मध्ये शंभराहून अधिक पावसाळे गेलेत. काळ्या दारूची काजळी हवेतले पाणी ओढून घेते. बार काढून नळी गरम पाण्याने धुतली नाही तर आतून गंज धरतो, आणि दमास्कसमध्ये तो गंज सांध्यांच्या रेषेत, ठोकताना अडकून राहिलेल्या मळीच्या बारीक ठिपक्यांत शिरतो. बाहेरून आरशासारखी नळी आतून कुठे पोखरली आहे, हे डोळ्याला दिसत नाही.

‘आजोबांनी बार काढले’ या उत्तरातला घोटाळा याहून मोठा आहे. आजोबांनी कसले बार काढले? बहुधा काळ्या दारूचे. काळी दारू धूर करते, घाण करते, पण नेहमीच्या भारात तिचा दाब बेताचा राहतो. दुकानात आज मिळते ते काडतूस बिनधुराच्या नायट्रो दारूचे. बारा बोअरच्या ७० मिलिमीटर काडतुसाला अमेरिकी मानकाने चौरस इंचाला ११,५०० पौंडांपर्यंत दाब चालतो, युरोपी मानकाने ७४० बार. आपल्याकडचे शक्तिमान काडतूस खडकीच्या दारूगोळा कारखान्याचे. ते आजच्या बंदुकीसाठी आहे, त्यात त्याचा दोष नाही.

आणखी एक मेख लांबीची आहे. जुन्या विलायती दुनळ्यांचे घर, म्हणजे काडतूस बसते तो भाग, बहुतेक अडीच इंचांचे, ६५ मिलिमीटरचे. काडतुसावर लिहिलेले ७० हे उडाल्यावर उघडलेल्या नळकांड्याचे माप असते. न उडालेले, तोंड दुमडलेले काडतूस त्याहून आखूड, म्हणून ते ६५च्या घरात सहज बसते. बार उडाला की दुमडलेले तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडते, वाट अरुंद होते आणि दाब चढतो. ‘बसले म्हणजे चालले’ या हिशोबाने बंदुका बिघडतात आणि बोटे जातात. फुटली तर फटका सहसा डाव्या हाताला बसतो, कारण नळी धरायला तो तिथेच असतो.

मग तपासायचे काय? दुनळी उघडून नळ्या सुट्या केल्या की खालच्या सपाट भागावर ठसे दिसतात. हा बंदुकीचा जन्मदाखला. इंग्लिश नळ्यांवर १८९६च्या नियमांनंतर ‘नायट्रो प्रूफ’ असे शब्द आणि १९०४नंतर ‘एन पी’ अक्षरे येतात. बेल्जियमच्या नळीवर अंडाकृतीत ‘ई एल जी’ असते आणि नायट्रोची चाचणी झाली असेल तर सिंहाखाली ‘पी व्ही’. नायट्रोचे हे ठसे नसतील तर नळी काळ्या दारूवरच तपासली गेली असे धरायचे. ‘नॉट फॉर बॉल’ असा शिक्का असेल तर तोंडाशी आवळलेली नळी आहे, तिच्यातून एकच मोठी गोळी टाकू नये असा कारागिराचा इशारा. पण शंभर वर्षांपूर्वीचा ठसा शंभर वर्षांपूर्वीची प्रकृती सांगतो. मधे कोणी आतून घासून गंज काढला असेल तर पोकळी रुंदावते आणि भिंत पातळ होते. पोकळीचे आजचे माप ठशातल्या मापाहून इंचाच्या दहा सहस्रांशांनी मोठे भरले तर ब्रिटिश नियमाने तो ठसा रद्द समजला जातो. ब्रिटनमध्ये अशी नळी विकणे गुन्हा आहे.

भिंतीची जाडी हा खरा कस. पुढच्या भागात ती इंचाच्या वीस सहस्रांशांहून, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून कमी भरली तर जाणकार बंदूक बाजूला ठेवतात. घराजवळ तर ती कितीतरी जाड हवी, कारण दाबाचा कळस तिथे असतो. जाडी मोजायला आत जाणारा खास गेज लागतो. साधा कॅलिपर नळीच्या तोंडाची जाडी सांगेल, हातभर आतली नाही. तालुक्याच्या गावी असा गेज मिळायची शक्यता जवळपास नाहीच, आणि माझ्या दृष्टीने सगळ्या प्रश्नाचे उत्तर इथेच मिळते.

हाताने करता येतील अशा तपासण्याही आहेत, पण त्या फक्त ‘नको’ सांगू शकतात, ‘चालेल’ कधीच सांगत नाहीत. सुट्या नळ्या खालच्या खुंट्याला बोटात टांगून लाकडाने हलकेच टिचकी मारली तर घंटेसारखा नाद यायला हवा. भद्द आवाज आला तर दोन नळ्यांमधली पट्टी सुटली आहे. उजेडाकडे धरून आत पाहिल्यावर सावलीचे कडे दिसले तर तिथे नळी कधीतरी फुगली आहे. बंद केलेली बंदूक सांध्यात खुळखुळते का, दोन्ही घोडे नीट चढून टिकतात का, हेही पाहावे. आणि नळीत काही अडकले आहे का हे तर प्रत्येक वेळी. आपल्याकडे कुंभारीण माशी चिखलाचे घर कुठेही बांधते, नळीचे भोक तिला आयते सापडते. पाणपसाऱ्याच्या गाळात नळीचे तोंड टेकले तरी तेच. वीस बोअरचे काडतूस चुकून बारा बोअरमध्ये घातले तर घसरून पुढे अडकते, मागून दुसरे भरले की स्फोट. या कारणांनी कोऱ्या पोलादी नळ्यासुद्धा फुटल्या आहेत, त्यात दमास्कसला दोष देऊन उपयोग नाही. वडिलांच्या काळातली फुगलेली कागदी काडतुसे डब्यात असतील तर तीही वापरू नयेत, परवानाधारक विक्रेत्याकडे द्यावीत.

परदेशात जुन्या दुनळीला वाट आहे. ती प्रूफ हाउसमध्ये पुन्हा तपासतात, कमी दाबाची ६५ मिलिमीटरची काडतुसे मिळतात, नाहीतर जुना मागचा भाग ठेवून पुढे नव्या पोलादी नळ्या चढवतात आणि तसा ठसा मारतात. आपल्याकडे घरी झाडाला बांधून, दोरीने चाप ओढून ‘ट्रायल’ घेण्याची युक्ती सांगणारे भेटतात. ती शहाणपणाची नाही. एकदा टिकलेली नळी त्याच बारात चिरली असेल तर दुसऱ्या बाराला काय होईल, हे दोरी सांगत नाही. शिवाय शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ५ने शस्त्र बनवणे, दुरुस्त करणे, त्याची चाचणी घेणे, सगळ्याला परवाना लागतो. काडतूस घरी भरणेही त्यातच आले.

त्याच कायद्याच्या कलम १३मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. हा परवाना हातात आहे म्हणून रानडुक्कर मारता येते असे अनेकांना वाटते. तसे नाही. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराला मारायची परवानगी वन्यजीव कायद्याखाली अधिकृत अधिकारी देतो. बिबट्याचा निर्णय तर मुख्य वन्यजीव रक्षकांचा असतो, वांगीतही तसाच झाला. उसाच्या फडात अंधारात, पणजोबांच्या दुनळीत आजचे काडतूस घालून उतरणारा माणूस जनावराआधी स्वतःच्या डाव्या हाताला धोका देतो. खंडेनवमीला किंवा वरातीत हवेत बार काढून लोकांचा जीव धोक्यात घालणे हा २०१९च्या दुरुस्तीपासून स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीने एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाने आलेल्या धरून.

वारसाचा प्रश्न गावात सगळ्यात जास्त गुंतागुंत करतो. आजोबा गेले की त्यांचा परवाना संपतो, बंदूक मात्र कपाटातच राहते आणि घरच्यांना वाटते, आहे ती आपलीच. कलम २१ प्रमाणे ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते आणि वारसाने स्वतःच्या नावे परवाना मागायचा असतो. ‘ही तर पुराणवस्तू, हिला कसला परवाना’ हा समजही मोडून टाकावा. कलम ४५ची सूट मिळते ती दुरुस्त करूनसुद्धा चालू होणार नाही अशाच जुन्या शस्त्राला. घोडे पडतात, नळी मोकळी आहे, अशी दुनळी त्यात बसत नाही.

बार काढायचाच हट्ट नसेल, तर परवाना नावावर करून, नळ्या आतून कोरड्या पुसून, तेलाचा पातळ हात देऊन, काडतुसांपासून वेगळी ठेवलेली दुनळी आणखी दोन पिढ्या सहज टिकेल. दमट लोकरी फडक्यात किंवा कातडी म्यानात ती वर्षानुवर्षे ठेवू नये, ओल तिथेच धरते. नक्षी फिकी झाली म्हणून पॉलिश पेपर मारू नये. घासल्याने नळीचे मोल जाते आणि भिंतही. जुनी शस्त्रे कशी मांडून ठेवतात हे पाहायला सोलापूर जिल्ह्यातच अक्कलकोटच्या राजवाड्याचे शस्त्रागार आहे. ज्यांना ती चालवायचीच आहे, त्यांनी आधी असा परवानाधारक बंदूक कारागीर गाठावा ज्याच्याकडे जाडीचा गेज आहे, जो आकडे कागदावर लिहून देतो आणि घराची लांबी मोजून कोणते काडतूस चालेल ते नावानिशी सांगतो. तो नुसता नळीत डोकावून ‘चालेल की’ म्हणाला, तर बंदूक उचलून परत घरी आणावी.