मिनिटभर थांब ना यार!

अप्रेझलनं मूडची पार वाट लावली होती. राजीनाम्याचा मेल टाइप करून ठेवला आणि मित्रानं दिलेली मॅच लावली. अमेरिकेतल्या कॉलेज आइस हॉकीची फायनल, ११ एप्रिल २००९, वॉशिंग्टन. या खेळात पेनल्टी म्हणजे चुकलेल्यानं दोन मिनिटं बॉक्समध्ये बसायचं, टीमनं एक गडी कमी घेऊन लढायचं. सेम माझी अवस्था!

ओहायोची मायामी युनिव्हर्सिटी ३-१ पुढे, शेवटचं मिनिट. बोस्टन युनिव्हर्सिटीनं चक्क गोलकीपर काढून सहावा अटॅकर उतरवलेला. ५९.५ सेकंद उरले असताना झॅक कोहेनचा गोल, १७.४ उरले असताना निक बोनिनोचा. ३-३! ओव्हरटाइममध्ये कोल्बी कोहेनचा फटका मायामीच्याच डिफेंडरला लागून आत. ४-३!

मेल अजून ड्राफ्ट्समध्येच आहे. सोमवारी बॉसशी आधी बोलणार.