भूल दिलीय, मग आणखी सुई कशाला?

विंचू चावल्यावर बोटाच्या मुळाशी डॉक्टर सुई देतात आणि ठणका थांबतो, हे वसमत-कळमनुरीकडच्या शेतात राबणाऱ्यांना नव्यानं सांगायला नको. त्या कुपीत बहुधा लिग्नोकेन असतं. (ठणका थांबला म्हणजे विष उतरलं, असं मात्र नाही. डॉक्टर सांगतील तोवर दवाखान्यात थांबावं ते त्यासाठीच.) हेच औषध, किंवा त्याचं जास्त टिकणारं भावंड बुपिवाकेन, हर्नियाच्या ऑपरेशनला पूर्ण भूल देऊनही चीर द्यायच्या जागी आधीच टोचतात, तेव्हा नातेवाईक चक्रावतात.

पूर्ण भूल म्हणजे मेंदूची झोप. कातडीतल्या नसा जाग्याच असतात. चीर पडली की त्यांचा निरोप मज्जारज्जूपर्यंत जातोच, आणि असे निरोप येत राहिले की मज्जारज्जू हळवा होतो. मग शुद्धीवर आल्यावर नुसती चादर घासली तरी कळ येते. हा हळवेपणा संशोधक क्लिफर्ड वूल्फ यांनी 1983 मध्ये उंदरांवर दाखवला. जागा आधीच बधिर केली तर निरोप वाटेतच अडतो. पण चिरेआधी सुई दिली काय आणि टाके घालताना दिली काय, माणसांवरच्या अभ्यासांत वाटलं होतं तेवढा फरक दिसलेला नाही. सुईचा फायदा मात्र दोन्हीकडे होतो.

'सुई घेतली, आता दुखणार नाही' हा दुसरा भ्रम. लिग्नोकेन तास-दोन तास टिकतं, बुपिवाकेन साधारण चार ते आठ. संध्याकाळी 'काही दुखत नाही' म्हणून गोळी उशाखाली सारणारा पेशंट मध्यरात्री कण्हत उठतो. गोळी सुईचा असर उतरायच्या आत घ्यायची असते. 'सोसलं की जखम लवकर भरते' म्हणणाऱ्या आजोबांना तर पोटाच्या टाक्यांवर खोकून बघायला सांगावं. दुखतं म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, आणि छातीत कफ साचतो.

'गाठीला सुई लागली की कॅन्सर पसरतो' ही भीती तर घराघरांत. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी 11 केंद्रांतल्या 1,600 स्तनकॅन्सरच्या रुग्णांवर अभ्यास केला. निम्म्यांना गाठ काढण्याच्या 7 ते 10 मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचलं. 2023 मध्ये निष्कर्ष छापून आले: पाच वर्षांनी हयात असण्याचं प्रमाण सुई दिलेल्यांत 90.1 टक्के, न दिलेल्यांत 86.4 टक्के. हा अभ्यास दुखण्याचा नव्हता आणि तो फक्त स्तनाच्या कॅन्सरपुरता आहे, पण भुलीच्या या सुईवरचा आळ तिथं तरी खोडायला पुरेसा आहे.

आणि 'साधंच औषध, कितीही द्या' हेही चूक. मात्रा वजनावर ठरते. जास्त झालं तर ओठांना मुंग्या येतात, कानात आवाज घुमतो, पुढे झटके येऊ शकतात, हृदयावरही परिणाम होतो. दात काढताना अशा सुईनं कधी त्रास झाला असेल, तर ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच डॉक्टरांच्या कानावर घालावं.