देवडीवरचा पहारेकरी

मृगाच्या पहिल्या कडकडाटात वीज जवळपास कोसळते, किंवा गल्लीतल्या खांबावर न्यूट्रलची तार तुटून २३० व्होल्टच्या जागी ४०० च्या आसपासचा दाब घरात शिरतो, आणि दिवाणखान्यातला टीव्ही नाहीतर रियाजाचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा मुका होतो. ‘बोर्ड जळला’ असा निकाल ऐकून आपण ती वस्तू भंगारात देतो. पण पुष्कळदा बोर्ड शाबूत असतो; त्याच्या देवडीवरचा पहारेकरी तेवढा कामास आलेला असतो.

जुन्या वाड्यात शत्रूला आधी दिंडी दरवाजा, मग देवडी, मग चौक ओलांडावा लागे. विजेचा तडाखाही असाच पायरीपायरीने आत येतो. दारात फ्यूज. त्याच्या मागे, चांगल्या बोर्डावर, शर्टाच्या गुंडीएवढी निळी किंवा पिवळी चकती : व्हॅरिस्टर. नेहमीच्या दाबाला ती जणू झोपलेली असते. दाब हद्द ओलांडू लागला की क्षणार्धात वाट मोकळी करून तो प्रवाह स्वतःवर ओढून घेते. तो फार झाला की फ्यूज उडतो. त्यापलीकडे चार डायोडांचा ब्रिज, मोठा कपॅसिटर आणि शेवटी मॉसफेट. तडाखा कुठवर पोचला, हे याच क्रमाने तपासायचे असते.

मात्र प्लग काढल्यावरही त्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब दबा धरून बसलेला असू शकतो. जाणता कारागीर तो रेझिस्टर लावून उतरवतो, मोजून खात्री करतो आणि मगच बोर्डाला हात लावतो. पुढचे काम डोळ्यांचे. फ्यूजची काच आतून काळवंडलेली असेल तर आत शॉर्ट आहे असे समजावे. तडकलेली चकती, माथा फुगलेला कपॅसिटर, अंगाला खड्डा पडलेला मॉसफेट हे तर आपण होऊनच साक्ष देतात. जे गप्प राहतात त्यांना मल्टीमीटर बोलते करतो : डायोडने एकाच दिशेला वाट द्यावी, दोन्हीकडे दिली तर तो गेला.

बदली भाग अंदाजाने बसवू नये. चकतीवर ‘१४डी४३१’ असे लिहिलेले असेल, तर १४ हा मिलिमीटरमधला व्यास, आणि ४३ पुढे एक शून्य म्हणजे ४३० व्होल्ट. कपॅसिटरची क्षमता तीच हवी, व्होल्ट तेवढे किंवा अधिक, आणि ऋण टोक ऋणाच्याच जागी. फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा. मग जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा सिरीजमध्ये जोडून वीज द्यावी. दिवा लखकन उजळून मंदावला तर ठीक. प्रखर जळतच राहिला तर शत्रू अजून वाड्यात आहे.

बोर्डाचे पट्टेच कोळसा झाले असतील, किंवा डिशच्या तारेवाटे, म्हणजे मागच्या दाराने, वीज थेट मुख्य चिपवर गेली असेल, तर मात्र इलाज क्वचितच चालतो.

खरा घात निराळाच. काही ठिकाणी फुटकी चकती उपटून टाकतात, नवी घालत नाहीत, आणि फ्यूजच्या जागी साधी तार पिळतात. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचाच हा प्रकार! वस्तू चालू लागते, घरचे खूश होतात. पण देवडी ओस असते आणि पुढचा तडाखा थेट चौकात शिरतो, प्रसंगी आगही लावतो.

म्हणून वस्तू दुरुस्त होऊन आली, की ती वाजते एवढ्यावर समाधान मानू नये. ‘चकती नवी बसवली ना?’ एवढे कारागिराला अवश्य विचारावे. पुढचा मृग काही फार दूर नसतो.