तारेलाही कल्हई लागते

हर्णैच्या बंदरात संध्याकाळचा लिलाव उरकला, की वाळूवरची गडबड ओसरते आणि पाण्यातल्या बोटींवर दिवे दिसू लागतात. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. अंधारात समोरून येणाऱ्या बोटीचं तोंड कुठे आहे, हे एवढ्या दोन ठिपक्यांवरून ओळखायचं असतं. बोट १२ मीटरपेक्षा लहान असली तरी तिचे हे बाजूचे दिवे निदान एका सागरी मैलावरून, म्हणजे १,८५२ मीटरवरून दिसले पाहिजेत, असं १९७२चे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात. त्या संध्याकाळी आमच्या ओळखीच्या तांडेलकाकांच्या फायबरच्या बोटीवरचा लाल दिवा मात्र किनाऱ्यावरूनही विझत आलेल्या निखाऱ्यासारखा दिसत होता.

बल्ब नवा होता. बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे पूर्ण भरलेली. काकांनी बल्ब काढून होल्डरच्या दोन टोकांना मीटर लावला. १२.५.

"पावर तर इथपर्यंत येतेय. मग पेटत का नाय?"

याचं उत्तर मला पहिल्यांदा उमगलं तेव्हापासून विजेकडे बघण्याची माझी नजरच बदलली. साध्या डिजिटल मीटरचा आतला रोध बहुधा १ कोटी ओहम असतो. १२ व्होल्टवर तो तारेकडून जेमतेम एका अँपिअरच्या दहा लाखाव्या भागाएवढा प्रवाह मागतो. २५ वॅटच्या बल्बला लागतात २ अँपिअर, म्हणजे सोळा-सतरा लाख पट जास्त. मीटरची भूक भागवायला तांब्याचा एक केसही पुरतो. गाळाने भरलेल्या पाइपात तोटी बंद असताना पाण्याचा दाब पूर्ण असतो. तोटी उघडली, की करंगळीएवढी धार येते, तसंच हे. काम न करणाऱ्या तारेत दोष दिसतच नाही. तो बघायचा तर तिच्यावर ओझं टाकायचं.

म्हणून बल्ब परत बसवला आणि दिवा लागलेला असताना मोजलं. ९ व्होल्ट. साडेतीन व्होल्ट वाटेत कुठेतरी खर्ची पडत होते. १२ व्होल्टच्या बल्बला ९ मिळाले, तर उजेड पाऊणपट राहील असं वाटतं. पण तापलेल्या तारेच्या बल्बाचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीनाव्या घाताने घटतो, त्यामुळे तो थेट तिसऱ्या हिश्शाच्या जवळ घसरतो. एक मैल दिसायचा दिवा मग एक मैल दिसत नाही.

आता शोध. मोटारीत बॅटरीची ऋण बाजू लोखंडी सांगाड्याला जोडलेली असते आणि वीज त्या सांगाड्यातून घरी परतते. लाकडाच्या किंवा फायबरच्या बोटीत तसा सांगाडाच नाही. जाणाऱ्या प्रत्येक लाल तारेसोबत परतीची काळी तार ओढावी लागते, आणि दोन्हींतून वाहणारा प्रवाह नेमका तेवढाच असतो. तरीही बहुतेक जण लाल तारच तपासत बसतात. मीटरच्या एका टोकाला लांब वायर जोडून आम्ही ती बॅटरीच्या ऋण खुंटीला लावली आणि दुसरं टोक दिव्याच्या काळ्या तारेला. धड तारेत इथे शून्याच्या जवळपास आकडा यायला हवा. आला ३.२. दोष परतीच्या वाटेवर होता.

मग नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, मागे सरकत एकेका जोडावर टोक टेकवत गेलो. ३.२, ३.२, ३.१, आणि डेकखाली टेप गुंडाळलेल्या एका जोडाच्या पलीकडे एकदम ०.१. काकांनी त्या जोडाला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. तीन व्होल्ट गुणिले पावणेदोन अँपिअर, म्हणजे पाच वॅटपेक्षा जास्त उष्णता त्या चिमूटभर जागेत कोंडली होती. दिव्याचा हरवलेला उजेड तिथे ऊब होऊन बसला होता.

टेप सोडवली, तर आत हिरवं जंगाल. आपल्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, म्हणून आतून कल्हई करायची. कथलाचा तो पातळ थर आंबट पदार्थाला तांब्यापर्यंत पोचू देत नाही. बोटीसाठी मुद्दाम बनवलेल्या चांगल्या तारेतही हेच केलेलं असतं. तिचा प्रत्येक केस कथलाने मढवलेला, चंदेरी. आजीच्या पातेल्यातलं शहाणपण खाऱ्या हवेतल्या तारेपर्यंत जातं, याचं मला अपार कौतुक वाटतं. या बोटीत घरात वापरतात ती साधी तार घातली होती. केसांच्या मधल्या फटीतून खारं पाणी कंदिलाच्या वातीत रॉकेल चढावं तसं प्लास्टिकच्या आतून चढत जातं, आणि बाहेरून तार नव्यासारखी दिसत राहते.

खारं पाणी नुसतं तार कुजवत नाही, वीजही घडवतं: त्यात कापडं किंवा पुठ्ठे भिजवून, त्यांच्या दोन बाजूंना दोन निरनिराळ्या धातूंच्या चकत्या ठेवत चळत करून, शास्त्रज्ञ व्होल्टा यांनी १८०० साली जगातली पहिली बॅटरी रचली. बोट म्हणजे नकळत रचलेली तीच चळत आहे: पितळी पंखा, पोलादी दांडा, तांब्याच्या तारा, आणि सगळ्यांच्या मध्ये समुद्र. १८२४ साली हंफ्री डेव्ही यांनी ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवरचे तांब्याचे पत्रे वाचवायला त्यांना जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. तुकडे झिजले, तांबं शाबूत राहिलं. पण त्यावर शंखशिंपले चिकटू लागले, कारण आजवर त्यांना दूर ठेवत होतं ते झिजणारं तांबंच! आज पंख्याजवळ जो जस्ताचा गोळा बसवतात, ज्याला सगळे नुसतं झिंक म्हणतात, तो त्याच प्रयोगाचा वारस. पंख्याऐवजी स्वतः झिजून जाण्यासाठीच तो तिथे असतो.

याहून जलद खाणारी गोष्ट म्हणजे बॅटरीचीच गळती. तळाशी साचणारं पाणी उपसणाऱ्या पंपाच्या लाल तारेचा जोड त्या पाण्यात बुडाला, की धन टोकावरचं तांबं विरघळू लागतं. फॅरडे यांच्या नियमाने हिशेब चोख मांडता येतो: एक अँपिअर प्रवाह एक तास वाहिला, की जवळपास १.२ ग्रॅम तांबं जातं. गळती फक्त १० मिलिअँपिअरची धरा. शंभर तासांत, म्हणजे चार-पाच दिवसांत, दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या तारेचं ९ सेंटिमीटर तांबं संपेल. पंप न चालता, दिवा न लागता, बोट नांगरावर स्वस्थ डोलत असताना. म्हणून असे जोड पाण्याच्या वर, उंचावर घ्यायचे, आणि आतून गोंद सुटणारी उष्णतेने आवळणारी नळी त्यांच्यावर चढवायची. नुसती टेप पाणी अडवत नाही, ते धरून ठेवते.

काकांनी काळी तार वीतभर मागे कापली. आत काळी. आणखी एक वीत कापली, तरी काळी. मग त्यांनी ती अख्खीच ओढून काढली आणि कल्हईची नवी तार नाळेपर्यंत नेली. जोड दाबून बसवले, नळी चढवली, बटण दाबलं. लागलेल्या दिव्यावर मोजलं, १२.३.

लाल उजेड पाण्यावर लांबवर सांडला. काका थोडा वेळ बघत उभे राहिले, मग मान वळवून उजवीकडे पाहिलं.

"आता तो हिरवाच मंद वाटायला लागलाय. मीटर आण बघू."